दिवा विझला तर

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच थांबली आणि आतला दिवा गेला, तेव्हा तिच्या हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचं खोकं होतं, काखेत टेबलावरचं मोठं घड्याळ होतं आणि ओठांवर एक शिवी होती. शिवी तिने गिळली, कारण लिफ्टमध्ये आणखी कुणीतरी होतं. पुठ्ठ्यांच्या भल्यामोठ्या गठ्ठ्याआड उभ्या असलेल्या त्या माणसाचे फक्त बूट तिने आत शिरताना पाहिले होते... ओले, जुने, पण नाडी नीट बांधलेले.

"वीज गेली," पुठ्ठ्यांमागून आवाज आला.

"हो का? मला वाटलं संध्याकाळ झाली."

पलीकडे कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं.

"मला नऊच्या आत वर पोचायचंय," ती म्हणाली.

"पोचणार नाही."

"फार धीर देता हो तुम्ही लोकांना."

"घड्याळ बघू नका, म्हणजे बरं वाटेल. तसंही अंधारात दिसणार नाही."

"माझं दिसतं." तिने घड्याळ काखेतून काढून त्याच्यापुढे धरलं. काटे हिरवट चमकत होते. त्या उजेडात त्याचा अर्धा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. पण तो तिच्याकडे पाहतच नव्हता, घड्याळाकडे पाहत होता.

"हे घड्याळ मी ओळखतो," तो म्हणाला.

"घड्याळ ओळखता, आणि घड्याळवालीला?"

"तिलाही. ती मला ओळखत नाही. एका अर्थी... बरंच आहे."

आता अंधारी लिफ्ट, ओल्या पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास, आणि वर असा आवाज. अशा वेळी बोलण्याचा अर्थ माणूस आपल्याला हवा तसाच लावतो. तिनेही लावला. वीज आल्यावर लिफ्ट हिसका देऊन वर निघाली, तेव्हा ती गालातल्या गालात हसत होती. पुढे कित्येक दिवस त्या हसण्याची तिला लाज वाटणार होती, पण ते तेव्हा तिला कुठे ठाऊक?

तिचं काम जरा चमत्कारिकच. कंपन्यांमध्ये जायचं, पाच-सात जणांना एका खोलीत कोंडायचं आणि सोमवार ते शुक्रवारात त्यांच्याकडून एक नवी वस्तू काढून घ्यायची. आधी प्रश्न ठरवायचा, मग प्रत्येकाने आपापलं चित्र काढायचं, त्यातलं एक निवडायचं, त्याचं खोटं-खोटं रूप उभं करायचं आणि शेवटच्या दिवशी अनोळखी माणसांपुढे ठेवून बघायचं. याला डिझाइन स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट म्हणजे धाव, आणि धावणाऱ्यांच्या मागे घड्याळ घेऊन उभी राहणारी ती. तिला सगळे ‘टिकटिक’ म्हणत, तोंडावरसुद्धा.

या कंपनीत घंटा बनत. दारावरच्या, शाळेतल्या, गजराच्या. फोनने सगळ्या घंटा खाऊन टाकल्या आणि आता या मजल्यावर निम्म्या खुर्च्यांवर धूळ होती. खिडकीतल्या कुंड्यांना कुणी पाणी घालत नव्हतं. बाहेर आठवडाभर पावसाची नुसती पिरपिर लागली होती, धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता.

मजल्याचे साहेब सुरुवातीला उभे राहिले, रुमालात खोकले आणि म्हणाले, "मी गोल गोल बोलत नाही. शुक्रवारी लोकांना आवडेल असं काही निघालं तर हा मजला राहतो. नाही निघालं तर वरून कुलूप येतंय. आता बाईंचं ऐका."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अशा वेळी विनोद करू नये, हे तिला कळत होतं. तिने वेताची टोपली पुढे केली. तिच्या स्प्रिंटचा हा पहिला नियम होता. दिवसभर सगळ्यांचे फोन टोपलीत, आवाज बंद करून.

एकेक फोन पडत गेला. टोपली पुठ्ठेवाल्यापाशी आली आणि थांबली. हो, लिफ्टमधलाच तो. कंपनीत वस्तूंचे पुठ्ठ्याचे नमुने तो करायचा, म्हणून नावच ‘पुठ्ठा’ पडलेलं.

"मी नाही टाकणार," तो म्हणाला.

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

"मग मला बाहेर बसवा."

आवाजात चीड नव्हती, तीच तर पंचाईत होती. चिडलेल्या माणसाला तिने कधीच ऐकवलं असतं. हा तिच्याकडे नीट पाहत होता, आणि त्या पाहण्यात काहीतरी असं होतं की तिला आपलीच टोपली जड वाटायला लागली.

"उलटा ठेवा टेबलावर," ती म्हणाली.

"सुलटा ठेवतो."

"...बरं."

"अगं बाई," विक्रीचं काम बघणारी ताई शेजारणीच्या कानात कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "टिकटिक बंद पडली की काय."

मंगळवारी चित्रं निघाली. चित्रावर कुणी नाव घालायचं नाही, हा दुसरा नियम. सगळी भिंतीवर लावायची आणि न बोलता गोल टिकल्या चिकटवून मत द्यायचं. कुणी गाणारी घंटा काढली होती, कुणी मनगटावरची. एका कागदावर मात्र फक्त दोन खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत एक छोटा दिवा. खाली एकच ओळ... ‘म्हाताऱ्या माणसाने सकाळी उठून आपला दिवा लावला, की दूरच्या घरात मुलाचाही लागतो. फोन उचलावा लागत नाही.’

ती त्या कागदापुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"तुम्हाला मत नसतं ना?" मागून तो म्हणाला.

"नसतं. मी पंच. पंचाने खेळायचं नाही."

"पण नजर तर असते."

"नजरेला टिकली चिकटवता येत नाही."

"चिकटलीय की," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. ती कानापर्यंत लाल झाली आणि घड्याळाला किल्ली देत बसली, जे बॅटरीवर चालत होतं.

टिकल्या दिव्यालाच पडल्या. साहेबांनी पण आपली मोठी टिकली तिथेच लावली.

बुधवारी खेळ कसा मांडायचा ते ठरलं, गुरुवारी त्याने दिवा केला. खरा नव्हे हं. खरा करायला महिने लागले असते. पुठ्ठ्याचा डबा, वर दुधी कागद, आत बल्ब आणि मागे लांब वायर. वायर लाकडी आडोशामागे जायची आणि तिथे बसून तो बटण दाबायचा. पाहुण्याला वाटावं, दिवा दुसऱ्या गावातल्या घराशी बोलतोय. बोलत असायचा फक्त पुठ्ठा. शेजारच्या खोलीत बाकीचे हे सगळं टीव्हीवर पाहत बसणार. आणि मुख्य प्रश्न ताईने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता, ‘दिवा विझला तर माणूस काय करेल?’

दिवसभराचं काम आटपल्यावर रंगीत तालीम होती. बाकीचे चहाला गेले होते. ती पाहुणी होऊन दिव्यापुढे बसली, तो आडोशामागे.

"हॅलो दिवा," ती म्हणाली. "हो असेल तर उजेड वाढवा. नाही असेल तर विझवा. कळलं?"

उजेड वाढला.

"तुम्ही रोज दाढी का करत नाही?"

उजेड जागच्या जागी थरथरला.

"हे उत्तर झालं नाही. बरं. तुमचं लग्न झालंय?"

"नाही," आडोशामागून आवाज आला.

"बोलायचं नाही, विझवायचं."

"विझवत नाही मी. नाही म्हणायला मला तोंड आहे."

"काय हट्टी आहात हो. घरी कोण असतं?"

उजेड वाढलाही नाही, विझलाही नाही. बाहेर पावसाची पिरपिर ऐकू येत होती.

"कुणी नाही," तो म्हणाला.

तिने विषय बदलायला हवा होता. त्याऐवजी ती दिव्याकडे थोडी वाकली आणि हळूच म्हणाली, "माझ्या घरी आत्या असते. तिनेच मला वाढवलं. ती म्हणते, तुझ्या आयुष्यात घड्याळ सोडून कुणी नाही... तर दिवेसाहेब, उद्याचं सगळं पार पडल्यावर माझ्याबरोबर कुणी चहा घेईल का, तुम्हाला काय वाटतं?"

दिवा हळूहळू वाढत गेला. इतका, की दुधी कागदाला जळका वास यायला लागला.

"पुरे, पुरे, पेटेल तो," ती हसत म्हणाली. आडोशामागे तोही हसत होता. त्या मजल्यावर सोमवारपासून कुणी हसलं असेल तर तेवढंच.

शुक्रवारी पाहुणे यायला लागले, एका वेळी एक. पहिला शाळेत शिकवणारा गृहस्थ होता. ‘समजा, दुसरा दिवा तुमच्या आईच्या घरी आहे,’ असं तिने सांगितलं. दिवा लागला. गृहस्थ खूष झाला. मग ठरल्याप्रमाणे ती म्हणाली, "आता समजा दुसरी सकाळ झाली." इथे दिवा विझायला हवा होता. विझला नाही. ती खाकरली. तिने टेबलावर पेन आपटलं. दिवा आपला शांतपणे लागलेला. पाहुणा म्हणाला, वा, फार छान वस्तू आहे, कधी मिळेल? आणि निघून गेला.

"वायर सैल झालीय बहुतेक," आडोशामागून पुठ्ठा म्हणाला.

दुसऱ्या बाईच्या वेळी तेच. तिसऱ्याच्या वेळी तेच. सगळे दिवा डोक्यावर घेऊन नाचायचे बाकी होते. आणि का नाही नाचणार? कधीच न विझणारा दिवा कुणाला नको असतो? शेजारच्या खोलीतून साहेबांचा हसण्याचा आवाज आला, वर फोन लावून सांगितल्याचाही. ताईने तर खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं.

मधल्या सुट्टीत ती आडोशामागे गेली. वायर धडधाकट होती. तिने स्वतः बटण दाबलं, दिवा विझला. पुन्हा दाबलं, लागला.

"वायर सैल आहे म्हणालात."

तो स्टुलावर बसला होता, फोन मांडीवर सुलटा. "हात जात नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे जात नाही. बटणापर्यंत जातो आणि थांबतो." मग तो म्हणाला, "दीड वर्षापूर्वी तुम्ही मुख्य ऑफिसात असाच आठवडा घेतला होतात. मी होतो तिथे. खिडकीजवळच्या खुर्चीवर. तुम्हाला आठवत नसेल."

तिला आठवत नव्हतं.

"बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. त्या दिवशी माझा फोन तुमच्या टोपलीत होता. सकाळी बाबांचे फोन येत होते. संध्याकाळी मी तो बाहेर काढला, तेव्हा शेजाऱ्यांचे येत होते."

आता तिला आठवलं. तो नव्हे, खुर्ची. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती आणि ती टाळी वाजवून म्हणाली होती, ‘एक गडी बाद, चला, घड्याळ सुरू.’ सगळे हसले होते. तीही हसली होती.

"टोपली माझी होती," ती म्हणाली.

"टोपली तुमची, पण फोन मीच टाकला ना त्यात." तो जमिनीकडे पाहत बोलत होता. "वर्षभर मी तुमचा राग केला. कुणाचा तरी करायलाच हवा होता. मग सोमवारी तुम्ही लिफ्टमध्ये भेटलात आणि म्हणालात, मला वाटलं संध्याकाळ झाली... आणि मला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. राग धरायला मी माणूस चुकीचा निवडला होता, दुसरं काय."

तिला त्याचा हात धरावासा वाटला. इतका वाटला की तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. ज्याच्या बाबांचे फोन आपल्या टोपलीत मुक्याने वाजून गेले, त्याचा हात कुठल्या तोंडाने धरायचा?

"साहेबांनी वर कळवलंय," तो म्हणाला. "आता तुम्ही सांगितलंत की दिवा विझवलाच नव्हता, तर हा मजला गेला. सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आणि नाही सांगितलंत, तर..."

"मला मत नसतं."

"नजर काय म्हणते?"

तिने वायर पुन्हा नीट सरळ केली. मग म्हणाली, "नजर म्हणते, हा दिवा घरोघरी जाईल. आणि एक दिवस त्यातला एखादा खरंच विझेल. तेव्हा आडोशामागे तुम्ही नसाल."

चौथा पाहुणा पावसामुळे आलाच नाही. उरली एक, नर्सचं काम करणारी पोक्त बाई, पाळी संपवून थेट आलेली. तिने पिशवी पायाशी ठेवली, फोन टोपलीत टाकला आणि दिवा लागल्यावर म्हणाली, "बरा आहे की. आमच्या आईला फोन ऐकूच येत नाही, तिला चालेल हा."

"आता समजा दुसरी सकाळ झाली," टिकटिक म्हणाली.

काहीच झालं नाही. दिवा लागलेलाच होता. बाई वाट पाहत होती. आडोशामागे स्टूल किरकिरलं.

मग दिवा विझला.

नर्सबाई हसत होती, ती हसायची थांबली. "हे काय?"

"तुमच्या आईचा दिवा आज लागलेला नाही. आता तुम्ही काय कराल?"

"काय करू?" बाईने दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तिथे जायला मला अख्खा दिवस लागतो. शेजारी कुणी नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा ना." तिने डबा बोटाने जरा लांब सरकवला. "आमच्या वॉर्डात दिवे विझलेले रोज बघते मी. घरी पण बघू? नको बाई मला हा. आई झोपली असेल, विसरली असेल, असं समजून दिवस तरी जातो. हा तेवढंही समजू देणार नाही." आणि मग एकदम, "माझा फोन द्या. खेळ आहे ते कळतंय मला. पण द्या."

टिकटिक उठली ती धावतच. टोपली घेऊन आली आणि सगळे फोन टेबलावर उलटे केले. बाईने आपला शोधला. पलीकडे वाजत राहिला, वाजत राहिला. शेवटी तिकडून चिरका आवाज आला, सगळ्यांना ऐकू येईल एवढा, "कोण आहे? काय झालं? मी कपडे वाळत घालतेय."

"काही नाही, आई," बाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "घाल तू कपडे."

शेजारच्या खोलीत साहेबांनी टीव्ही बंद केला. ते आले तेव्हा बाई गेली होती आणि पुठ्ठा आडोशातून बाहेर येऊन उभा होता.

"आधीच्या तिघांना हे का नाही दाखवलं?"

"मी विझवला नाही साहेब. हात गेला नाही."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बाबांचं त्यांना ठाऊक होतं, मातीला ते गेले होते. "आजही विझवला नसतास, तर चाललं असतं," ते म्हणाले.

"हो. चाललं असतं."

"हं." साहेब रुमालात खोकले आणि वर फोन करायला निघून गेले.

मजला महिनाअखेर बंद झाला. ताई दोघांशीही बोलायची बंद झाली. शेवटच्या दिवशी मात्र कुंडी काखेत मारून जाताना म्हणाली, "दिवा विझवलात तो विझवलात, आमच्या चुली पण विझवल्यात." हे ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या चहाचं कुणी नाव काढलं नाही. तिने काढलं नाही, कारण तिला तोंड नव्हतं. त्याने का काढलं नाही, ते तिला विचारवलं नाही.

फक्त लिफ्टपाशी त्याने तिच्या हातात बुटांचं एक खोकं ठेवलं. आत दिवा होता. या वेळी लाकडाचा, आणि खरा, इंटरनेटवर चालणारा.

"जोडीतला एक आहे. नापास माल," तो म्हणाला. "मी घरी आलो की माझा लावेन, मग तुमचा लागेल. तुम्ही लावलात की माझा."

"आणि विझला तर?"

"तोच प्रश्न तर नापास झाला," तो म्हणाला आणि जिन्याने उतरून गेला.

त्याला नदीपलीकडे, राहत्या घराजवळच, नाटकांचे पडदे-कमानी करणाऱ्या एकाकडे काम लागलं. पगार निम्मा. ती नव्या कंपन्यांत स्प्रिंट घेत राहिली. टोपली तिने टाकली नाही, पण आता ती टेबलाच्या मधोमध असायची आणि फोन वाजते ठेवायचे असा नियम होता. वाजला की सगळी धाव जागच्या जागी थांबायची. काही साहेब कुरकुरायचे. ती म्हणायची, कुरकुर टोपलीत टाका.

आणि रोज संध्याकाळी खिडकीतला दिवा लागायचा. आला घरी, असं ती मनात म्हणायची आणि मग तिच्या घशाखाली घास उतरायचा. तो तिला आवडत होता. नुसता आवडत नव्हता, तिचा जीव त्या दिव्यात अडकला होता. हे तिला कळत होतं, आणि ते आपण कधीच बोलायचं नाही हेही तिने ठरवून टाकलं होतं.

"तो दिवा आहे की जावई?" आत्या विचारायची.

"दिवा आहे."

"मग त्याच्याकडे बघून केस का नीट करतेस?"

असे काही आठवडे गेले. मग एका संध्याकाळी, दिवा लागून फार वेळ झाला नव्हता, तोच तो विझला. त्याच्याबरोबर खोलीतला गेला, गल्लीतला गेला, नदीकाठची ओळच्या ओळ गेली, पलीकडचा काठही गेला. अख्खं शहर गुडुप.

"वीज गेली," आत्या म्हणाली. "मेणबत्ती कुठे ठेवलीस?"

"मेणबत्ती..." ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

"कुठे निघालीस?"

"येते."

"अगं, वीज गेलीय. सगळ्यांचीच गेलीय."

"माहितेय, आत्या."

आत्याने अंधारात तिच्या आवाजाकडे पाहिलं. "जा," ती म्हणाली, "मेणबत्ती मी शोधते."

तिने फोन लावला. वाजत राहिला. जिना उतरताना लावला, रस्त्यावर लावला, पुलाच्या पायऱ्या चढताना लावला. पाऊस नव्हताच म्हणावा असा, तरी भिजवत होता. वीज गेलीय, दुसरं काही नाही, असं ती स्वतःला बजावत होती आणि पाय ऐकत नव्हते. उचल ना... उचल. त्या दिवशी त्याच्या बाबांनी असंच म्हटलं असेल, हे मनात आलं आणि ती पळायलाच लागली.

पुलाच्या मध्यावर समोरून कुणीतरी पळत येत होतं. दोघं एकमेकांवर आदळायचेच बाकी राहिले.

"वीज गेलीय," तो धापा टाकत म्हणाला.

"माहितेय."

"सगळीकडे गेलीय."

"ते पण माहितेय."

"मग निघालीस कशाला?"

"दिवा विझला," ती म्हणाली. "फोन करतेय मघापासून, उचलत का नाहीस?"

त्याने खिसा चाचपला. दुसरा चाचपला. शर्टाचा चाचपला. आणि तसाच उभा राहिला.

"घरी राहिला," तो म्हणाला. स्वतःलाच पटत नसल्यासारखं त्याने पुन्हा म्हटलं, "टेबलावर राहिला. तुझा दिवा विझला आणि मी... निघालोच."

दीड वर्षात ज्याने फोन हाताच्या अंतराबाहेर ठेवला नव्हता, तो हा माणूस. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "तू मला आवडतोस," ती म्हणाली. "ते म्हणायचा मला हक्क आहे की नाही, मला माहीत नाही. त्या टोपलीनंतर..."

"हक्काचं नंतर बघू. आधी छत्रीत ये, भिजतेयस."

"छत्री कुठेय?"

त्याने हातात पाहिलं. अंधारात दाराशी हाताला लागली ती छत्री म्हणून तो पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन पळत आला होता. दोघंही त्या नळीकडे पाहत राहिली.

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला, ती ओली नळी हातात धरून. "रोज संध्याकाळी दिवा लावताना मी तेच म्हणतो. इंटरनेटवरून पोचत नसणार."

तिने त्याचा हात धरला. बोटं गार होती आणि त्यांना डिंकाचा वास होता. कठड्याला टेकून दोघं उभी राहिली, तो बाबांबद्दल बोलत होता, ती ऐकत होती. ते कसे शिट्टी वाजवत दाढी करायचे, वगैरे. खालचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

मग वीज आली. आधी तिच्या काठाची, मग त्याच्या. दोन्ही घरांत दिवे लागले असणार. तिच्याकडचा आत्याने पाहिला. त्याच्याकडचा पाहायला कुणीच नव्हतं, म्हणून दोघं तिकडे चालायला लागली, फोन आणायला.